पंपाचं बटण मीच पाडलं होतं

पंपाचं बटण मीच पाडलं होतं, वडिलांनी नाही. एवढं साधं वाक्य बोलायला मला दीड दिवस लागला.

टेक्सासमधली नोकरी सुटल्यावर तिथलं शुगर लँड गावातलं घर विकून मी आणि बायको न्यूयॉर्क राज्यातल्या ईरी कालव्यावर एका जुन्या बोटीत राहायला आलो. आयुष्यभर मोठ्या वीजप्रकल्पांची गणितं केलेला मी आता छपरावरच्या चार सोलर पॅनेलवर आणि बाकाखालच्या बॅटऱ्यांवर जगत होतो. ढग आले की मी सारखा बॅटरीचा आकडा बघायचो. तो पन्नास टक्क्यांखाली गेला की दिवे, फ्रिज, फोन, सगळं बंद करत फिरायचो. बायको म्हणायची, "आता मलाही बंद करून ठेव, तेवढीच बचत."

त्या ऑक्टोबरात बाबा नागपूरहून आले होते. वय अठ्ठ्याहत्तर, सगळी नोकरी वीज मंडळात लाइनमन म्हणून गेलेली. चार दिवस ऊन नव्हतं. प्रोपेलरच्या दांड्याजवळून बोटीत थोडं पाणी झिरपायचंच. ते बाहेर फेकणारा पंप सारखा सुरू व्हायचा आणि बॅटरी खायचा. दुपारी बाबा झोपले असताना मी त्याचं बटण खाली पाडून तो बंद केला. अर्ध्या तासानं चालू करू म्हटलं, आणि विसरून बायकोबरोबर कपडे धुवायला गावातल्या लाँड्रीत गेलो. झिरपणं त्या दिवशी वाढलं होतं, हे मला माहीत नव्हतं. दोघांचेही फोन मी चार्ज वाचवायला बंद करून ठेवले होते.

परतताना दुरूनच दिसलं, बोटीची मागची बाजू खाली बसली होती. कपड्यांची पिशवी टाकून मी पळालो. आत पाणी तळाच्या फळ्यांच्या वर आलं होतं. बाबा घोट्याएवढ्या गार पाण्यात वाकून कुकरच्या भांड्यानं ते उपसत होते आणि खिडकीतून बाहेर फेकत होते. ओठ काळेनिळे पडले होते.

भीतीनं मी ओरडलो. "बाबा, बटणांना हात लावलात ना? दिसेल ते बंद करायची सवयच आहे तुम्हाला."

त्यांनी आधी बटणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लागला असेल," म्हणाले.

मी बटण वर केलं. पंप घरघरला. माझं बोट अजून बटणावरच होतं तेव्हा मला आठवलं, आणि मी गप्प राहिलो. संध्याकाळी बाबांना हुडहुडी भरली. आकडा न बघता मी हीटर लावला आणि त्यांचा श्वास ऐकत बसलो. यांना काही झालं तर खरं मला एकट्यालाच ठाऊक राहील, हाच विचार सुटत नव्हता.

सकाळी ताप नव्हता. पण बटणाबद्दल मी दिवसभर काही बोललो नाही. त्याच्या पुढच्या सकाळी बायकोनं सांगितलं. पाणी दिसल्यावर पंप का सुरू केला नाहीत, असं तिनं बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "दुसऱ्यानं पाडलेला स्विच आपण उचलायचा नाही. तो कुठं हात घालून बसलाय कुणास ठाऊक." नोकरीत एकदा कुणीतरी असाच उचलला होता, आणि त्यांचा जोडीदार खांबावर होता. बोटीतली कुठली वायर कुठं जाते हे बाबांना कळत नव्हतं. मी फळ्यांखाली कुठंतरी असेन असं समजून त्यांनी मला हाका मारल्या. ओ आली नाही तेव्हा ते जास्तच घाबरले. तासभर पाणी उपसत ते मलाच हाका मारत होते.

 

बाबा चहा घेत बसले होते. मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"बाबा, ते बटण मी पाडलं होतं. तुमच्यावर ढकललं, आणि आठवल्यावरही गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ करा."