मामांच्या हातचं फ्लायव्हील

माझी गाडी चालू झाली की अंबरनाथच्या देवळातला नंदी मान वळवून बघतो, असं मी लोकांना सांगत आलोय. पालेगावातल्या एका म्हशीने गाडीच्या आवाजाने दूध देणं बंद केलं आणि टर्बोची शिट्टी ऐकल्यावर दुप्पट सुरू केलं, हेही मीच सांगितलं. लोक हसतात, चहा पाजतात, दुसऱ्यांना जाऊन सांगतात. इतकी वर्षं मला यात काही वावगं वाटलं नव्हतं.

गाडी वीसेक वर्षांची, टर्बो डिझेल. तिच्या इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून मी ताकद वाढवून घेतली आणि तिथून रड सुरू झाली. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या शेपटीला बसवलेली बिडाची जड थाळी. तिच्यावर क्लचप्लेट दाबून बसते आणि त्या दोघींच्या मिठीतून ताकद चाकांपर्यंत पोचते. वाढलेल्या ताकदीला ती मिठी पुरेना. मी ॲक्सिलरेटर दाबायचो, इंजिन गल्लीभर ओरडायचं, आणि शेजारून सायकलवाला पुढे निघून जायचा.

मग ठरलं की क्लच दणकट टाकायचा. मूळचं फ्लायव्हील दोन थाळ्यांचं होतं, मध्ये स्प्रिंगा. त्या स्प्रिंगा मेल्या होत्या, म्हणून त्याच्या जागी एकसंध, भरीव फ्लायव्हील बसवायचं. नवीन क्लचप्लेट मिळाली. फ्लायव्हील मात्र उल्हासनगरच्या बाजारात जुनंच सापडलं. तोंडावर जळाल्याचे निळे डाग, बोटाला लागतील असे चरे. लोखंड फिरवून तासणाऱ्या लेथवर चढवून त्याचं तोंड पुन्हा सपाट करणं, ज्याला फेसिंग म्हणतात, भाग होतं.

"मी करतो," माझे सासरे म्हणाले.

मी त्यांना मामा म्हणतो. अंबरनाथच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी टर्नर म्हणून गेली. आता बदलापूरला राहतात. वर्षापूर्वी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि तेव्हापासून घरात त्यांच्या हातात कुणी चहाची किटलीही देईना. सुई ओवायला मागितली तरी सासूबाई म्हणायच्या, "राहू द्या, टोचेल." ज्या माणसाने केसाच्या जाडीचे दहा भाग केले, त्याला टोचेल.

बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं. "द्या त्यांना. हे काम नीट झालं तर बाबा परत उभे राहतील. नाहीतर ते कायमचे खुर्चीत बसतील."

मामांच्या जुन्या सोबत्याचा अंबरनाथच्या एमआयडीसीत एक लेथ आहे. तिथे मामांनी अर्धा दिवस लावला. तेवढ्या वेळात मी एक पूल बांधला असता, पण त्यांना घाई नव्हती. फ्लायव्हील बांधलं, डायल लावला. डायल म्हणजे घड्याळासारखं मापाचं यंत्र: तोंड वाकडं असलं की त्याची सुई हलते. शेवटची फेरी झाल्यावर ते मला म्हणाले, "जावईबापू, जरा बघा. सुई हलते का?"

"मेलीये, मामा."

"नीट बघा. माझा आता भरवसा नाही."

"मामा, पोस्टरवरचं घड्याळ बघतोय असं वाटतंय."

त्यांनी अंगठ्याचं नख फ्लायव्हीलच्या तोंडावरून फिरवलं. येताना रिक्षात मात्र त्यांनी ते फ्लायव्हील स्वतःच्या मांडीवर घेतलं. दहा-बारा किलोचं वजन, मी मागितलं तरी दिलं नाही.

मध्ये खंडेनवमी आली. कारखान्यातल्या माणसांच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. लोखंड पुसायचं, तेलाचं बोट लावायचं, त्यावर कुंकू. मामा बदलापूरला आपल्या मायक्रोमीटरची पूजा करत होते आणि मी उल्हासनगरला माझ्या घरी पाटावर गाडीचे सगळे भाग मांडले. फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, बेअरिंग, क्लचप्लेट. झेंडूची फुलं वाहिली. तिळाच्या तेलात कुंकू कालवून प्रत्येकावर स्वस्तिक काढलं, क्लचप्लेटवर तर दोन्ही बाजूंनी, फोटो चांगला यावा म्हणून. दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसलं. लोखंडावरचं निघालं. क्लचप्लेटचं अस्तर तेल पितं आणि मग घसरतं, हे गाड्यांवर तासभर भाषण देणाऱ्या मला कळायला हवं होतं.

गाडी जोडून झाली तेव्हा मामा मुद्दाम आले. इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर बसले. मागे मेकॅनिक, ज्याला आम्ही सगळे उस्ताद म्हणतो. शहाडच्या उड्डाणपुलावर चढताना मी गाडी दाबली. इंजिन भुंकलं, गाडी थरथरली आणि चढाच्या मध्यावर चाललीच नाही. जळका वास आला. मागे रिक्षांची रांग लागली आणि रिक्षावाल्यांनी माझ्या खानदानाची विचारपूस सुरू केली.

गॅरेजमध्ये परत आलो तर चहा घ्यायला जमलेले नेहमीचे सात-आठ जण होतेच. नंदीची आणि म्हशीची गोष्ट यांनीच ऐकलेली.

"क्या हुआ दादा, रॉकेट चढा नहीं?" एकाने विचारलं.

उस्ताद म्हणाला, "फेस सीधा नहीं लगता."

एवढंच. तो अंदाजाने बोलला होता. पण माझं तोंड माझ्या ताब्यात कधी होतं? मी म्हणालो, "सीधा कैसे होगा? मोतीबिंदूवाल्याने फेसिंग केलंय. फ्लायव्हील समजून पापड लाटला असेल."

सगळे हसले. मामा तिथेच उभे होते. तेही थोडं हसले, पाहुण्यांसारखं. मग म्हणाले, "निघतो मी. गाडी चुकेल." बदलापूरची लोकल दर थोड्या वेळाने असते.

त्या आठवड्यात उस्तादने गिअरबॉक्स पुन्हा उतरवला. मी पाहिलं. मामांचं फ्लायव्हील आरशासारखं होतं, फक्त त्यावर करपलेल्या तेलाचं एक स्वस्तिक उमटलेलं. क्लचप्लेटवर तेच, काळं. उस्ताद बोल्ट मोजत होता. मी प्लेट गोणपाटात गुंडाळली, फ्लायव्हीलवर रॉकेलचं फडकं फिरवलं आणि म्हणालो, "प्लेट डुप्लिकेट निकला." उस्ताद मान हलवून म्हणाला, "होता है." म्हणजे एका निर्दोष माणसाच्या जोडीला मी दुकानदारालाही बसवलं.

घरी बायकोला खरं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"बाबांनी मायक्रोमीटर त्या लेथवाल्या काकांना देऊन टाकलं," ती म्हणाली. "आई सांगत होती. आता पेपरही वाचत नाहीत. जा आणि सांगा त्यांना."

गोणपाट घेऊन मी बदलापूरला गेलो. मामा खुर्चीत होते. मी सगळं सांगितलं: पाट, तेल, कुंकू, फोटो, फडकं. आयुष्यात प्रथमच काही न वाढवता सांगितलं, त्यामुळे फार लवकर संपलं.

मामा म्हणाले, "छान सांगता तुम्ही."

"गोष्ट नाही, मामा. खरं आहे."

"जावईबापू, तुम्ही मनाने चांगले आहात. त्या दिवशी लेथवर सुई हलत होती, पण म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही मेली म्हणालात. आता हे."

"नव्हती हलत. आईशप्पथ."

"म्हशीच्या वेळीही शपथ घेतली होती तुम्ही."

मी प्लेट त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती खिडकीपाशी नेली, उजेडात उलटीसुलटी केली. "काळं दिसतंय काहीतरी," ते म्हणाले. "मला हल्ली सगळीकडेच दिसतं."

मग मी एका रविवारी त्यांना जवळजवळ उचलूनच गॅरेजवर आणलं आणि त्याच सात-आठ जणांसमोर उभा राहिलो. सांगितलं की दुकानदाराची चूक नाही, मामांची तर नाहीच, मी क्लचला तेल पाजलंय. मग जो हशा उठला, तसा नंदीलाही कधी मिळाला नव्हता. एकजण डोळे पुसत म्हणाला, "काय रचलंय. सासऱ्यासाठी माणूस काय काय करतो. शिका रे." उस्तादने माझ्या पाठीवर थाप मारली. मामा स्टुलावर बसून बशीतला चहा पीत होते. सगळ्यांकडे बघून त्यांनी मान डोलावली, की हो, माझा जावई असाच आहे.

नवीन प्लेट बसवली, तिला कुणालाही हात लावू दिला नाही. फ्लायव्हील तेच, मामांचंच. त्यांना घेऊन बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याला लागलो. पहिल्या मोठ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दाबली. कुठे थरथर नाही, वास नाही. गाडीने आम्हाला सीटमध्ये ढकललं आणि चढ मागे टाकला. मी त्यांच्याकडे पाहिलं. मामांनी डोळे मिटले होते आणि तळवा डॅशबोर्डवर सपाट ठेवला होता. कारखान्यात मशीनच्या अंगावर हात ठेवून ऐकत असतील तसे ऐकत होते.

वर पोचल्यावर मी गाडी बाजूला घेतली. "मामा, बघितलंत?"

"फेसिंग एक नंबर," ते म्हणाले. "कुठल्या टर्नरकडून करून घेतलंत?"

"तुमचंच आहे."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हळूच थोपटलं.

"कोण का असेना," ते म्हणाले. "हात चांगला आहे त्याचा. त्याला सोडू नका."