खालची बाजू वर

आमच्या यंग्सटाउन या अमेरिकी शहरात लग्नाला केक असतो, पण तो फोटोपुरता. पाहुण्यांचं लक्ष असतं कुकींच्या टेबलाकडे. नवरीच्या आत्या, मावश्या, शेजारणी कितीतरी आधीपासून घरोघरी ओव्हन तापवत बसतात आणि हॉलच्या भिंतीला लागून भलंमोठं टेबल भरून टाकतात. त्या टेबलाशी आमच्या बायका काय करतात, तर कुकी उचलतात, उलटी करतात, तिचं बूड बघतात आणि मगच तोंडात टाकतात. वरून साखर भुरभुरली की काहीही झाकलं जातं. बुडाचं तसं नाही.

वेरोना चिंबालिकची थाळी कायम या टेबलाच्या मधोमध असायची. मी तिच्या दोन घरं पलीकडे राहते. स्लोव्हाक लोक मावशीला 'तेता' म्हणतात, म्हणून आमची अख्खी गल्ली तिला तेता वेरोना म्हणायची. बुटकी, खणखणीत आवाजाची, महाहट्टी बाई. पीठ मुरत ठेवून आलेय म्हणून प्रवचन आवरतं घ्यायला तिनं पाद्रीबाबांना भर चर्चमध्ये खूण केली होती. तिच्या कुकी साध्याच. लोणी, कुटलेले अक्रोड, आणि काचेच्या ग्लासाच्या नक्षीदार बुडानं वर दाबलेला तारा. त्या भाजायच्या ते नवऱ्यानं, ओंद्रेयनं, कारखान्यात स्वतः कापून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यांवर. ओंद्रेय गेला, कारखानाही बंद पडला, पत्रे मात्र रोज ओव्हनमध्ये जात राहिले.

मग तिच्या मुलाला, एमिलला, आईच्या प्रेमाचं भरतं आलं. ती इस्पितळात होती तेव्हा त्यानं स्वयंपाकघर घासूनपुसून लखलखीत केलं, डागाळलेले पत्रे भंगारात दिले आणि काहीही न चिकटणारे काळेभोर नवे पत्रे आणून ठेवले. मुलगा एवढ्या हौसेनं करतोय म्हटल्यावर ती काही बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसली, आणि तेच नडलं.

काळा पत्रा उष्णता नुसती पितो. वरचा तारा सोनेरी व्हायच्या आत बूड करपून जातं. त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात फिलोमेना रुशितीनं तिची कुकी उलटली. टेबल मांडायचा मान फिलोमेनाचा, त्यामुळे तिची नजर म्हणजे कोर्टच. तिनं थाळी उचलली आणि कॉफीच्या भांड्यामागे सरकवून दिली. तेतानं ते पाहिलं. घरी येताना गाडीत तिनं थाळी मांडीवर घेतली आणि एकेक कुकी उलटून बघत राहिली.

आणि आता खुद्द तिच्या नातीचं, डेनिसचं लग्न ठरलं. सून पॉलिन, एमिलची बायको, मला बरोबर घेऊनच तेताकडे आली. एकटीनं बोलायची छाती नव्हती.

"आई, या वेळी तुम्ही नुसतं नटूनथटून बसा," पॉलिन म्हणाली. "कुकींचं आम्ही बघतो. आता डोळ्यांना त्रास होतो ना तुम्हाला."

"डोळ्यांना काय झालंय? तुझ्या ब्लाउजचं बटण तुटलंय तेही दिसतंय मला."

"तसं नाही हो, पण लोक बोलतात..."

"बोलू देत की! माझ्या नातीच्या टेबलावर माझी थाळी नसली ना, तर मीही नसेन. जा, सांग तुझ्या नवऱ्याला."

पॉलिन गेली. तेतानं कोट चढवला आणि माझ्याकडे वळली. "ल्युसिल, बघतेस काय? गाडी काढ."

मॉलमधल्या दुकानातला विक्रेता मोठा हसतमुख होता. त्यानं आधी काळे पत्रे दाखवले. "हे राहू दे, यांनीच माझं नाक कापलंय," ती म्हणाली. मग त्यानं दुहेरी तळाचे काढले, आत हवा भरलेले, काही म्हणजे काही करपत नाही असे. "करपत नाही आणि भाजतही नाही. बूड आजाऱ्यासारखं पांढरंफटक राहतं." मग चकचकीत, पातळ पत्रे आले. एकाचे दोन कोपरे धरून तिनं पिळले, तसा तो पापडासारखा वाकला. ओव्हनमध्ये हा ठण्णकन उडणार आणि कुकी एका बाजूला घसरणार, असं तिनं त्याला ऐकवलं. त्याचं हसू मावळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण खरं सांगते, मजाही येत होती.

शेवटी आम्ही हॉटेलवाल्यांना सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. तिथे मागच्या फळीवर धुळीत पडलेले साधे पत्रे होते. फिक्या रंगाचे, वर कसलाही लेप नसलेले, जड, तीन बाजूंनी सपाट आणि धरायला एका बाजूला उचललेली कड. तिनं बोटाच्या पेरानं टकटक केली. कोपरे पिळले. पत्रा हलला नाही. मग पर्समधून गाठ मारलेला दोरा काढून पत्र्याला लावला. ओव्हनच्या जाळीचं माप होतं ते, आणि पत्रा त्याहून बोटभर लहान भरला. चारी बाजूंनी वारा खेळायला जागा हवी, नाहीतर पत्रा कितीही चांगला असला तरी फुकट.

दुकानदार म्हणाला, "आजी, हे हॉटेलांसाठी असतात. घरी कशाला?"

"माझ्या घरी तुझ्या हॉटेलांपेक्षा जास्त माणसं जेवून गेलीत. बांधून दे."

संध्याकाळी एमिल आला. टेबलावरचे पत्रे बघून त्याचा चेहरा पडला. "आई, मी आणले होते ना नवे?"

"आणले होतेस. तुझ्या गाडीखाली तेल ठिबकतं ना, तिथे ठेव. छान आहेत त्याला." मग त्याचा हात धरून ती हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या बापाचे पत्रे होते रे ते. मला विचारायचंस तरी. आणि तेव्हा मी बोलले नाही, ते चुकलंच माझं. आता बोलतेय."

एमिल कोट काढून अक्रोड फोडायला बसला.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये अ‍ॅकॉर्डियन सुरू झाला होता. फिलोमेना टेबल मांडत होती. तेतासाठी तिनं अगदी टोकाला, कागदी रुमालांच्या गठ्ठ्याशेजारी जागा ठेवली होती. तेतानं ती बघितली. थाळी घेऊन सरळ मध्यावर गेली, फिलोमेनाच्याच बदामाच्या कुकींची थाळी कोपरानं बाजूला केली आणि स्वतःची थाळी तिथे ठेवून वरचा कागद काढला.

सगळ्या कुकी उलट्या रचलेल्या होत्या. बुडं वर. एकजात खरपूस सोनेरी, कुठे काळा ठिपका नाही.

"हे काय गं वेरोना?" फिलोमेना म्हणाली. "उलट्या लावल्यास!"

"तुझेच कष्ट वाचवले. घे, बघ नीट. चष्मा हवा तर माझा देते."

भोवती बायका गोळा झाल्या. नवरी झगा सावरत येऊन आजीला चिकटून उभी राहिली. फिलोमेनानं एक कुकी उचलली आणि सवयीनं उलटी केली. तारा वर आला.

"आता खा," तेता म्हणाली.

फिलोमेनानं खाल्ली. मग आपली बदामाच्या कुकींची थाळी उचलली आणि रुमालांच्या गठ्ठ्याशेजारी नेऊन ठेवली.