कागदावरचा कोमल रिषभ

या सदरात मी आजवर फक्त खवचट प्रतिक्रिया देत आलेय. जुने सभासद ओळखतील... घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली की "साडी कुठल्या दुकानातली होती हो?" असं विचारणारी ती मीच. भूत, भानामती, मागच्या जन्माच्या आठवणी — यातलं मी काहीही मानत नाही. "मानत नव्हते, पण त्या दिवसापासून..." असलं काही लिहिणार नाही, कारण मी अजूनही मानत नाही. तरी लिहितेय. आता पाळी तुमची, घ्या हात धुवून.

आधी ठावठिकाणा. नेपरव्हिल, शिकागोच्या पश्चिमेला. आमचं घर ट्रेन स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, आणि जानेवारीत घसरत पंचवीस. मी मूळची मिरजेची. आठवडाभर एका इन्शुरन्स कंपनीत डेटा सांभाळते आणि शनिवारी सकाळी दहा ते बारा बेसमेंटमध्ये गाण्याचा क्लास घेते. अकरा मुलं. त्यातली आठ आईबापांच्या हौसेपायी येतात, दोन समोशांसाठी. अकरावी माझी मुलगी, सानिका. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. आणि अकरांत गळा म्हणावा असा एकच होता, तिचा. आई म्हणून नाही सांगत, गाणारी म्हणून सांगतेय.

तर या सानिकानं लायब्ररीतून एक जपानी कॉमिक आणलं. रॉक बँडवाल्यांची प्रेमकथा. एक गाणारी मुलगी, एक गिटार वाजवणारा मुलगा, दोघांनीही जन्मात केसांना कंगवा लावलेला नाही. डोळे बशीएवढे, नाकाच्या जागी ठिपका. मी सहज हातात घेतलं आणि आपल्या पद्धतीनं डावीकडून वाचायला लागले. पहिल्याच पानावर दोघं रडत निरोप घेतायत, मग भांडतायत, मग हात धरतायत, आणि शेवटी एकमेकांना नाव विचारतायत. म्हटलं, वा! काडीमोड आधी, ओळख नंतर.

"आई, इट्स राइट टू लेफ्ट," सानिका म्हणाली. "तू एंडपासून वाचतेयस."

"सुरुवातीपासून वाचून काय फरक पडणार आहे?" मी म्हटलं. आणि प्रामाणिकपणे सांगते, पडला नाही. मुलगी त्याच्याकडे बघते, तो खिडकीबाहेर बघतो, पाऊस पडतो. दोनशे पानं!

पण सानिकाला ते वेडच लागलं. आणि ती वाचताना गुणगुणायची. मी आधी लक्ष दिलं नाही. मग गाडीतून स्विमिंगला नेताना माझ्या लक्षात आलं की ती एकच चाल गुणगुणत नाही. पान उलटलं की चाल बदलते. मागे गेली की मागची चाल परत येते, जशीच्या तशी. आमच्या क्लासातली मुलं नोटेशन समोर धरूनही दोनदा तेच म्हणू शकत नाहीत, आणि ही चित्रं बघून म्हणतेय!

"कुठं ऐकलंस हे?" मी विचारलं.

"इथे." तिनं पानावर बोट ठेवलं.

"इथे काय आहे? इथे एक मुलगी तोंड वासून उभी आहे."

"ती गातेय, आई."

"कागद गातो होय? बरं बरं."

ती हसली नाही. खिडकीकडे तोंड करून बसली आणि परत गुणगुणायला लागली.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारची गोष्ट. क्लास संपताना मी एकेका मुलाला गायला लावते आणि फोनवर रेकॉर्ड करून पालकांच्या ग्रुपवर टाकते. सगळे पालक "वॉव", "सो प्राउड" वगैरे लिहितात, ऐकत कोणी नसावं. त्या दिवशी बाकीची मुलं भूपाची सरगम म्हणत होती आणि ही मागे सतरंजीवर पुस्तक मांडीत घेऊन भलतंच गुणगुणत होती. माझं डोकं फिरलं. तुमच्या क्लासात तुमचीच मुलगी दुर्लक्ष करते तेव्हा काय होतं हे शिकवणाऱ्यांना विचारा.

"चल," मी म्हटलं. "एवढं भारी आहे तर पुढे येऊन म्हण. सगळ्यांना ऐकू दे जपानी संगीत."

फोनचं रेकॉर्डिंग चालूच ठेवलं. कौतुक म्हणून नाही, जिरवायची म्हणून. तेव्हाही मला ते माहीत होतं.

सानिका पुढे आली. पान उघडलं. मी तानपुरा लावला क्लासच्या पट्टीत, काळी चार. "ते वेगळं आहे, आई, हे खालून आहे," म्हणाली, आणि तानपुरा बंद करायला लावून स्वतःच सा लावला. तो मी नंतर पेटीवर तपासला, पांढरी तीन. आणि ती गायली. शब्द नाहीत, नुसता आकार. जाताना शुद्ध गंधार, येताना कोमल गंधार. आपला जोग राग म्हणा ना! क्षणभर मला बरं वाटलं, आतून. शिकवलेलं कुठेतरी मुरतंय. पान उलटताना ती थांबली, लांब श्वास घेतला. पुढची ओळ. आणि त्या ओळीच्या शेवटी, सा वर यायच्या आधी, तिनं कोमल रिषभ लावला. जोगात! रिषभच, म्हणजे रे, नाही हो जोगात, ना शुद्ध ना कोमल.

"शी! हा कुठला सूर?" मी ओरडले. "कान विकलेस की काय?"

मुलं फिदीफिदी हसली.

"पण तो तसाच आहे," सानिका म्हणाली.

"तसाच काय? रिषभ गाळ. सरळ गंधारावरून सा वर ये. म्हण."

तिनं म्हटलं. मी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा. मला वाटतं सात-आठ वेळा. शेवटी अगदी स्वच्छ, माझ्या मनासारखं आलं. "बघ, आता किती छान वाटतंय!" असं मी वर म्हटलं. तिनं पुस्तक मिटलं आणि जागेवर जाऊन बसली.

पुढच्या शनिवारी ती बेसमेंटमध्ये आली नाही. मी वरच्या पायरीवरून ओरडले, "नको येऊस! कोणावर उपकार आहेत?" त्याच्या पुढच्या शनिवारी होमवर्क होतं. मग मीच हाक मारायची सोडली. गाडीत पुस्तक असायचं, पानं उलटायची, गुणगुणणं बंद. मी म्हटलं, रुसलीय, येईल ताळ्यावर. मंडळाच्या गणपतीत दरवर्षी ती गायची, त्या वर्षी "घसा बसलाय" सांगितलं. एक वर्ष गेलं. दुसरं लागलं. मी हट्टानं विचारलं नाही, तिनं हट्टानं सांगितलं नाही. घरात गाणं शिकवणारी मी, आणि घरात गाणं नाही. मला ते सलत होतं. रात्रंदिवस सलत होतं. पण माघार घेणं आमच्या खानदानात नाही.

मग ते कार्टून आलं. "ॲनिमे म्हणायचं," मला दुरुस्त केलं गेलं. त्याच कॉमिकवरून केलेलं. रविवारी दुपारी मी वर कपड्यांच्या घड्या घालत होते. खाली फॅमिली रूममध्ये सानिका आणि मंदार, माझा नवरा, टीव्ही बघत होते. आणि खालून ती चाल आली.

पहिल्यांदा मला वाटलं माझ्या फोनवर ते जुनं रेकॉर्डिंग चुकून सुरू झालं. फोन माझ्या खिशात होता, बंद. मग वाटलं सानिका गातेय! मी अक्षरशः धावत जिना उतरले, हातात उशीचा अभ्रा तसाच. टीव्हीवर ती बिनकंगव्याची मुलगी माइकसमोर उभी. मागे ड्रम, गिटार, सगळा गोंगाट. पण त्या गोंगाटाखाली तीच चाल. जाताना शुद्ध गंधार, येताना कोमल. मध्ये तो थांबा, लांब श्वास. मी मनात म्हणत होते, आता सरळ सा वर ये, बाई, सरळ ये...

आली नाही. कोमल रिषभ लावला आणि मग सा. आणि काय सांगू, काय सुंदर लागला तो! त्या मुलीचा गिटारवाला गर्दीतून निघून चाललाय, तिला तो दिसतोय, आणि नेमका तिथे तो रिषभ. तिथे दुसरं काही चाललंच नसतं.

मी सानिकाकडे बघितलं. ती टीव्हीकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

त्या संध्याकाळी मी रेकॉर्डिंग शोधून काढलं आणि दोन्ही शेजारी शेजारी वाजवून बघितलं. पट्टी पांढरी तीन, दोन्हीकडे. बत्तीस मात्रा, सुरास सूर. फरक एकच. टीव्हीवर रिषभानंतर गाणं पुढे जातं. माझ्या फोनवर रिषभानंतर "शी!" येते. माझा आवाज. मग "कान विकलेस की काय?", मग मुलांचं हसणं. तो आवाज दुसऱ्या कोणाचा असता तर मी त्या बाईशी आयुष्यात बोलले नसते.

आता तुमची स्पष्टीकरणं. थांबा, मीच सांगते, तुमचे कष्ट वाचतील.

"गाणं आधीच कुठेतरी आलं असेल." मंदार सॉफ्टवेअरवाला, दोन दिवस खोदत बसला. ते गाणं ॲनिमेसाठीच बनवलेलं. ॲनिमे होणार ही घोषणासुद्धा माझ्या रेकॉर्डिंगनंतर कित्येक महिन्यांनी झाली. कॉमिकमध्ये गाण्याचे ना सूर छापलेत ना शब्द. नुसतं उघडं तोंड. मध्ये एक चौकोन कोरा पांढरा आहे, त्यावरून ती थांबली असेल, तेवढं मी सोडून देते. पण पांढऱ्या चौकोनात कोमल रिषभ दिसत नाही.

"बारा सूर आहेत, जुळतात कधीतरी." हे मंदारचं, दमल्यावर. चार सूर जुळतात रे बाबा. बत्तीस मात्रा, पट्टीसकट, चुकीच्या सुरासकट जुळत नाहीत.

मंडळातल्या विद्याताई म्हणाल्या, मागच्या जन्मी पोर जपानात असणार, एक शांती करून घ्या. विद्याताई, मागच्या जन्मी तिथे असती तर तिथेच न राहता माझ्या पोटी कशाला आली असती? काय कमी होतं तिथे?

सानिकाशी बोलायला मला चार दिवस लागले. सकाळी ती टोस्टला बटर लावत होती, शाळेची बस यायला वेळ होता. मी म्हटलं, "तो सूर... बरोबर होता तुझा."

"आय नो," ती म्हणाली. रागानं नाही. बटर लावतच.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते, आई."

बोलली होती. तेही रेकॉर्डिंगमध्ये आहे.

मी विचारलं, "अजून येतं ऐकू? पुस्तकात?"

तिनं सुरी खाली ठेवली. "त्या दिवसानंतर ते पान उघडलं की तुझं व्हर्जन ऐकू यायचं. रे नसलेलं. मी परत परत ओपन करून ट्राय केलं, बट इट वॉज ऑलवेज युवर्स. मग बाकीच्या पानांवरचंही कमी कमी होत गेलं. देन नथिंग." मग बस आली. ती टोस्ट हातात घेऊनच पळाली.

मी वर्षभर तिला रुसलेली समजत होते. ती वर्षभर पानं उलटून बघत होती.

तर हे असं आहे. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि तुमच्यातल्या कोणाकडे असेल यावर माझा विश्वास नाही. भुताटकी म्हणायला मी धजत नाही, कारण यात भीती वाटावी असं एकच माणूस होतं आणि ते सतरंजीवर पेटी घेऊन बसलं होतं. हे गूढ सुटलं नाही तरी माझं काही अडत नाही. मला माझी मुलगी परत गायला हवीय. एवढंच हवंय.

गेल्या शनिवारी मी क्लास कॅन्सल केला आणि दुकानात जाऊन त्या कॉमिकचा नवा भाग आणला. अजून टीव्हीवर न आलेला. दुकानातल्या पोरानं "फॉर युवर डॉटर?" विचारलं, मी "फॉर मी" म्हटलं. सानिका डायनिंग टेबलवर अभ्यास करत होती. मी पुस्तक तिच्यासमोर ठेवलं, या वेळी बरोबर बाजूनं उघडून. ती बिनकंगव्याची मुलगी स्टेजवर, तोंड उघडं.

"यात काय वाजतंय?" मी विचारलं. थट्टेनं नाही. तिला ते कळलं असणार.

तिनं पुस्तक जवळ ओढलं. पानावर हात ठेवला, डोळे मिटले. खरंच प्रयत्न केला तिनं, मला दिसत होतं, कपाळावर आठ्या पडल्या होत्या. पान उलटलं. पुन्हा हात ठेवला. आणखी एक पान. मग तिनं डोळे उघडले आणि हळूच पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"सॉरी, आई," ती म्हणाली.

सॉरी तिनं म्हटलं. मी अजून म्हटलेलं नाही.