उन्हात तपासलेली भीती

वाघमारे बाई भुताच्या गोष्टी भर दुपारी वाचत. ढोकीतल्या त्यांच्या अंगणात पत्रे तापलेले असत, समोर त्यांच्या जाऊबाई सोनाबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या असत आणि बाई स्वतः लिहिलेला भयपटाचा प्रसंग अगदी सपाट आवाजात वाचून दाखवत. सोनाबाईंचे हात थांबले तर प्रसंग राहायचा. शेंगा फुटतच राहिल्या तर बाई तिथल्या तिथे त्यावर काट मारत. “अंधारात काय, कुणीबी भितंय,” त्या म्हणत. “भीती उन्हात टिकली पाहिजे.”

भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर त्या सोलापूरच्या एका दिग्दर्शकासाठी लघुपट लिहू लागल्या. घरात बुद्धवंदना, भुतांवर काडीचा विश्वास नाही. कुणी विचारलेच तर म्हणत, “विश्वास असता तर लिहीत बसले असते व्हय? पळाले असते!”

मी संस्कृतचा निवृत्त प्राध्यापक. साठीनंतर पहिली पटकथा लिहिली. ती बाईंना दाखवायला ढोकीला गेलो, पण पहिल्या भेटीत ती पिशवीतून बाहेर काढण्याचे धैर्य झाले नाही; दुसऱ्या भेटीत वाचून दाखवली. हंगाम संपलेल्या साखर कारखान्यात रिकामी ट्रॉली वजनकाट्यावर येते आणि काटा भरल्या ट्रॉलीचे वजन दाखवतो, अशी ती कथा. ‘अक्राळविक्राळ शांतता पसरते,’ असे मी लिहिले होते.

“सर, कॅमेऱ्याला अक्राळविक्राळ दिसत न्हाय,” बाई म्हणाल्या. “त्याला काटा दाखवा.”

पुढे उसातून पांढऱ्या लुगड्यातली बाई येत होती. तिथे सोनाबाईंना राहवले नाही. “पांढरं नेसून उसात? अन् ते धुवायचं कुणी, सर? तुमी?”

तिघेही हसलो. मी शरमून ते पान काढू लागलो, तर बाईंनी अडवले. “हसू ठेवा, भूत काढा. हसलेला माणूस बेसावध असतो. ट्रॉली त्याच्या पाठोपाठ आणा.” मी तो विनोद काटेवाल्याच्या तोंडी घातला आणि त्याच्या हसण्यावरच वजनाचे आकडे चढवले. पुढच्या वाचनात सोनाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

तरी माझी खरी परीक्षा उरलीच होती. या व्यवसायात पटकथा नुसती पाठवून भागत नाही. लेखकाला ती दिग्दर्शकापुढे तोंडी वाचावी लागते. वर्गात पूर्वसूरींचे श्लोक म्हणताना कधी न बसलेला माझा आवाज स्वतःचे लिहिलेले वाचताना बसतो. नकार आला तर पुन्हा लेखणी उचलणे माझ्याच्याने होणार नाही, हेही मी जाणून होतो. मी बाईंना गळ घातली, तुम्हीच ऐकवा.

“न्हाय सर. तुमचं भूत तुम्हीच न्यायचं.”

बाईंचा तो सोलापूरचा दिग्दर्शक कामानिमित्त उमरग्याला आला होता. हमरस्त्यावरच्या हॉटेलात, ट्रकच्या भोंग्यांत मी वाचू लागलो. रिकामी ट्रॉली काट्यावर चढली आणि माझा घसा कोरडा पडला. पुढचे वाक्य काही केल्या फुटेना. दिग्दर्शकाने चहाचा कप खाली ठेवला. मी कसाबसा शेवटापर्यंत पोहोचलो.

“करू या,” तो म्हणाला. “आणि मधला तो पॉज लई भारी, सर. शूटिंगमध्ये तेवढाच ठेवू.”

खुलासा करण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्याच आठवड्यात बाई लेकीकडे पुण्याला कायमच्या निघाल्या. एस.टी. स्थानकावर मी सारे सांगितले, तेव्हा पदराने डोळे पुसावे लागेपर्यंत त्या हसल्या. गाडी लागली. “बाई, आता माझे लिखाण कोण तपासणार?” मी विचारले.

त्या खिडकीतून वाकल्या. “तुमचा घसा हाय की! तो कुठं कोरडा पडतोय ते बघा, अन् पुढची गोष्ट तिथनंच सुरू करा.”