देव्हाऱ्यातली इंग्लंडची कुपी

आधीच सांगते, मी या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. दृष्ट काढण्यावरूनसुद्धा मी सासूबाईंशी वाद घातलेत. पण गेल्या उन्हाळ्यापासून मनात एक किळस बसली आहे, ती काही केल्या जात नाही... म्हणून लिहितेय.

आम्ही मूळचे पुण्याचे, सध्या जपानमध्ये, टोकियोजवळच्या इचिकावाला राहतो. स्टेशनपासून चालत नऊ मिनिटं, तिसरा मजला. मी आणि माझा नवरा मंदार, दोघंही टोकियोत तोयोसुला आयटीत. मुलगी मिहिका सहा वर्षांची. तिला तान्ही असल्यापासून एक्झिमा. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांमागे कायम चिघळलेलं. डॉक्टर, मलमं, पथ्यं, सगळं करून झालेलं. शाळेत खेळताना मुलं तिचा हात धरायची नाहीत, आणि ती हे घरी सांगायचीही नाही. ते मला तिच्या टीचरनी सांगितलं.

जूनमध्ये, इथला उन्हाळा सुरू होताना, सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. बॅगेत गंगाजलाचा गडू फुटून निम्मं पाणी सांडलेलं. माझ्या शोकेसमध्ये एक जुनी कुपी होती — बोटभर उंच, शिंपल्याच्या आकाराची, दोन कानांची, काळपट. टोकियोतल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात घेतलेली. विकणारे आजोबा एवढंच म्हणाले होते, इंग्लंडची आहे, चर्चमधली. आईंना वाटलं चांदी काळी पडलीय. मी ऑफिसात असताना त्यांनी ती चिंचेनं घासली, उरलेलं गंगाजल तिच्यात भरलं, वर कापसाचा बोळा, आणि थेट देव्हाऱ्यात!

"आई, आत काहीतरी वाळलेलं चिकटलं होतं ना?"

"असेल कस्तुरीबिस्तुरी. गंगाजल पडलं की सगळं शुद्धच गं."

गंगाजल कसं पुरवतात ते तुम्हाला माहीतच आहे. कमी झालं की साधं पाणी घालायचं, तेही गंगाच होतं. आई रोज पूजा झाली की तीर्थात त्यातले चार थेंब टाकायच्या. मी आणि मंदार सातलाच बाहेर पडायचो, त्यामुळे तीर्थ घ्यायला आजी आणि नात दोघीच. औषधाला घर डोक्यावर घेणारी आमची मिहिका हात पुढे करून म्हणायची, "आज्जी, मोत्तो!" म्हणजे अजून दे.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या खपल्या गळाल्या. खाली स्वच्छ, गुळगुळीत कातडी! ती पहिल्यांदा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून शाळेत गेली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

मग एका रविवारी मी देव पुसायला घेतले. कुपीवरचा बोळा तपकिरी झाला होता. नाकाशी नेला — मटणाच्या दुकानाचा वास. कुपी वाटीत उपडी केली तर लालसर, दाट पाणी, त्यात गुठळीसारखी एक चिकट तार. आणि कोमट! एसी चालू असलेल्या खोलीत कोमट. मी तिथेच ओकले.

"गंज असेल," मंदार म्हणाला. त्यानंच कुपी उकळत्या पाण्यानं तीनदा धुतली, साधं पाणी भरलं आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. सकाळी उघडली तर पुन्हा तेच. नंतर तो किती वेळ हात धूत होता!

सोमवारी मी ऑफिसातल्या इंग्लिश कलीगला, हेलनसानला, फोटो दाखवला. तिचे वडील धर्मगुरू होते. ती म्हणाली, ही यात्रेकरूंची शिशाची कुपी. मध्ययुगात तिकडे एका मोठ्या धर्मगुरूचा चर्चमध्येच खून झाला, आणि मग मठातले साधू त्याचं रक्त पाण्यात मिसळून यात्रेकरूंना असल्या कुप्यांतून द्यायचे. आजारी माणसं ते प्यायची. रक्त संपू नये म्हणून साधू वरून पाणी घालत राहायचे.

वरून पाणी! आमच्या देव्हाऱ्यात आम्ही तेच करत होतो.

घरी महाभारत झालं. "पोरीला गुण आलाय आणि तू फेकायला निघालीस?" आई ओरडल्या.

"आई, मेलेल्या माणसाचं रक्त पाजतोय आपण तिला! वर शिसं!"

त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. इथे न जळणारा कचरा ठरलेल्या दिवशीच नेतात, त्या दिवशी मी कुपी पिशवीत घालून खाली ठेवली आणि गाडी जाईपर्यंत तिथेच उभी राहिले. मिहिकाच्या रक्ताची तपासणी केली. शिसं नावालासुद्धा नव्हतं. कसं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

बाराव्या दिवशी तिच्या कोपरात लाल ठिपका आला. महिन्याभरात सगळं जसंच्या तसं. आता ती परत लांब बाह्या घालते, ऐन ऑगस्टमध्येसुद्धा. एकदाच तिनं विचारलं, "आई, ते पाणी का टाकलंस?"

तिला काय सांगणार? ते पाणी लाल का व्हायचं, हे मला आजही माहीत नाही. त्यानं ती बरी झाली की योगायोग होता, तेही नाही. मंदार म्हणतो, विसर. पण त्या कोमट वासाची आठवण आली की अजून घास पोटात राहत नाही... आणि तरीही, आज कुणी ती कुपी परत आणून दिली, तर मी स्वतःच्या हातानं ती मिहिकाच्या तोंडाला लावेन.