बारा जणांचा गंज

खेकडे उकडून खाणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण ते कशात उकडावेत या एका प्रश्नापायी अख्खं आयुष्य खर्ची घातलेला माणूस एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. आमच्या वऱ्हाडात साडभाऊ म्हणतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, हे यजमान. सोनाळ्याचे संत्र्याचे बागायतदार, वय सत्तरीला टेकलेलं, अंगावर पांढरा सदरा, आणि खिशात पेनाऐवजी वाळूकागदाची घडी. माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, की मोठा जावई सोन्यासारखा आहे, फक्त त्याच्यासोबत भांड्यांच्या दुकानात जाऊ नका. मी तेव्हा नवा नवरदेव, नवा मास्तर, कशाला कुणाचं ऐकतो! पुढची तीस-पस्तीस वर्षं मी पिशव्या धरून त्यांच्या मागे हिंडलो.

त्याचं असं झालं, की अक्काचं माहेर माळकरी. अक्का आणि तिचा पाठचा भाऊ देविदास, दोघांच्या गळ्यात सासऱ्यांनी लहानपणी एकाच दिवशी तुळशीची माळ घातली. साडभाऊंकडे मात्र पिढ्यान्‌पिढ्या सगळं चालायचं. लग्नानंतर आठच दिवसांत अक्कानं कायदा केला. घराबाहेर जे करायचं ते करा, पण माझ्या घरातली काडेपेटीसुद्धा तिकडे जाणार नाही आणि तिकडची वस्तू उंबऱ्याच्या आत येणार नाही. दुसरा कुणी असता तर त्यानं खेकडे सोडले असते नाही तर भांडण केलं असतं. साडभाऊंना उलट आनंद झाला. सगळा संसार पुन्हा एकदा नव्यानं निवडायला मिळणार होता. नाल्याकाठच्या शेतातल्या खोपडीत त्यांनी तो मांडला, आणि दरवर्षी दिवाळी होऊन थंडी पडली, की एका दुपारी तिथे खेकड्यांची उकड व्हायला लागली.

उकड म्हणजे काय, तर पाणी, मीठ, हळद, लसणाचे अख्खे गड्डे, सुक्या मिरच्या आणि खेकडे. अर्ध्या तासाचं काम. पण साडभाऊंची तयारी दसऱ्यापासून चालायची. नुसता एक झारा घ्यायला आम्ही संग्रामपूरच्या तीन दुकानांत अख्खी दुपार काढलेली आहे. तिसऱ्या दुकानदाराकडे त्यांनी बादलीभर पाणी मागितलं. त्याला वाटलं, तहान लागली असेल. यांनी दुकानातले अकरा झारे एकामागून एक पाण्यात बुडवून वर काढले आणि कुठला किती वेळात निथळतो ते मला घड्याळावर बघायला लावलं. शेवटी झारा घेतला नाहीच. म्हणाले, 'भोकं चांगली हायेत, पण दांडा हाताशी बोलत नाही.' दुकानदारानं माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलो नाही.

चुलीच्या दगडांचं तर विचारूच नका. पहिल्या वर्षी मी हौसेनं नाल्यातला एक छान गोल, गुळगुळीत दगड उचलून आणला. साडभाऊंनी तो माझ्या हातातून घेतला आणि परत नाल्यात टाकला. पाण्यातला दगड पोटात पाणी धरून असतो, तापला की फुटतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. देविदासनं गंमत म्हणून तसलाच दुसरा आणून चुलीला लावला. तो असा फुटला, की आमच्यातला एक जण थेट बांधापलीकडच्या तुरीत सापडला. तेव्हापासून दगड डोंगराकडूनच यायचा, कोरडा, आणि निवडण्याआधी साडभाऊ त्याला कानाशी धरून ठोकून बघायचे. लाकूड बाभळीचंच. कडुनिंबाचा धूर कडू म्हणून वर्ज्य, कापसाची वाळकी पऱ्हाटी नुसती भडकते म्हणून वर्ज्य. पाण्यात खेकडे सोडायची बांबूची टोपली बुरुडाच्या दारात बसून विणून घ्यायची, कारण विकत मिळते तिला रंग असतो.

झाकणाची कथा आणखी निराळी. एके वर्षी झाकण हलकं निघालं. टोपलीतले खेकडे पाणी तापायच्या आधीच चढून बाहेर पडले आणि पाहुणे म्हणून आलेल्या ग्रामसेवकांच्या उपड्या ठेवलेल्या हेल्मेटमध्ये त्यातले दोन जाऊन बसले. ग्रामसेवक सज्जन माणूस, त्यांनी तक्रार केली नाही, पण पुन्हा आलेही नाहीत. साडभाऊंना ही गोष्ट फार लागली. पुढच्या आठवड्यात ते गंज, म्हणजे उकडीचं मोठं पातेलं, घेऊन एसटीनं खामगावला निघाले, झाकण मापात बसवून आणायला. गंज सीटवर आणि हे उभे. कंडक्टरनं गंजाचं अर्धं तिकीट फाडलं. यांनी हुज्जत घातली नाही. उलट ते तिकीट जपून ठेवलं आणि वर्षभर लोकांना दाखवत फिरले, की सरकारनंही त्याले माणसात धरलं.

आता हा गंज. पितळेचा, आतून कल्हई केलेला, भरला की कडी धरून उचलायला दोन माणसं लागतील एवढा. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला साडभाऊ भांडंच मानत नाहीत. उकडीला जमणाऱ्या आम्ही बारा जणांनी मिळून तो घेतला, आणि आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते आपलं होत नाही म्हणून काठाभोवती बाराही नावं टिंबाटिंबांनी कोरून घेतली. कोणाचं आधी, यावरून वाद झाला तेव्हा साडभाऊंनी निकाल दिला, की जो जास्त जेवतो त्याचं आधी. एकमतानं पहिलं नाव पडलं ते देविदासचं.

होय, माळकरी देविदासचं. माझा मेहुणा, अक्काचा लाडका भाऊ. बायको ऐन तरुणपणी गेली, पुन्हा लग्न केलं नाही, हातानं कच्चंपक्कं रांधून खायचा. नाल्यातल्या दगडाखाली हात घालून खेकडा काढावा तो त्यानंच. खोपडीत आला की गळ्यातली माळ उतरवून खुंटीला टांगायचा, तिला हात जोडायचा, आणि मग पंचवीस-तीस खेकडे सहज संपवायचा. जाताना आंघोळ करून माळ पुन्हा गळ्यात. अक्काला हे कळता कामा नये, एवढी एकच त्याची अट. ती तिकडच्या भांड्याला हात लावणार नाही, हे ठरलेलं असल्यामुळे नाव कोरायला तो तयार झाला होता. चार वर्षांपूर्वी त्यानं कावीळ अंगावर काढली. अगदी शेवटी साडभाऊंचा हात धरून तो म्हणाला, 'भाऊजी, अक्काले कळू देऊ नका. तिले वाटीन, बाबाची माळ बाटवली.' साडभाऊंनी शब्द दिला. मी तिथेच होतो.

बारांचे आम्ही हळूहळू चार झालो. काही देवाघरी गेले, काही पोरांकडे पुण्याला, आणि तिकडून कुणी खेकड्यासाठी परत येत नाही. गंज मात्र तोच. चार माणसांचे खेकडे त्याच्या तळाशी पडून राहायचे आणि साडभाऊ पाणी नेहमीसारखंच काठोकाठ भरायचे.

गेल्या वर्षी शेताशेतांतून मोटारीची केबल चोरीला जायला लागली. आमच्या खोपडीतलं सगळं धातूचं गेलं. गंज तेवढा कल्हईला दिला होता म्हणून वाचला. चुलीचे दगड चोरांनी जागेवरच ठेवले, याचा साडभाऊंना अपमान वाटला. म्हणाले, पारख नाही लोकांना. पण प्रश्न उभा राहिला, की आता गंज ठेवायचा कुठे? खोपडीत ठेवला तर चोर नेणार. घरी आणावा तर अक्काचा कायदा, आणि कायद्यापेक्षा मोठी भीती म्हणजे काठावरचं ते पहिलं नाव. अक्कानंच मार्ग काढला. चार माणसांसाठी एवढं पाणी काऊन तापवता, मोडीत द्या आणि लहानसं भगोणं घ्या, म्हणाली. वर असंही म्हणाली, की तुम्ही एकटे गेले तं शिमग्यापर्यंत निवडून राह्याल, मी सोबत येते.

साडभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं माझ्याकडे आले. दाढी केलेली नव्हती. सोबत गोणपाटात गुंडाळलेला गंज आणि खिशात वाळूकागदाऐवजी कानस. 'मास्तर, देविदासचं नाव घासून टाकतो,' एवढं म्हणून अंगणात बसले. दिलेला शब्द पाळायला दुसरा रस्ताच नव्हता. मी गंज धरला. त्यांनी 'दे' या अक्षरावर कानस एकदा ओढली, दुसऱ्यांदा ओढली, आणि मग कानस खाली ठेवून खांद्यावरचं उपरणं डोळ्यांना लावलं. उभ्या आयुष्यात मी या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं, देविदासच्या तेराव्यालासुद्धा नाही. त्या दिवशी त्यांनी भाजीची कढई कशी निवडावी यावर आचाऱ्याशी तासभर वाद घातला होता. मला तेव्हा रागच आला होता. आता कळलं.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं संग्रामपूरच्या दुकानात गेलो. साडभाऊंचा बेत सोपा होता. गंज उपडा ठेवायचा, अक्काला दुसऱ्या कोपऱ्यात भगोणी दाखवत गुंतवायचं, आणि मी तेवढ्यात वजन उरकून घ्यायचं. पण मोड घेणारा दुकानदार आधी नावं वाचतो, कारण चोरीचं भांडं निघालं तर पोलीस त्याच्या दारात येतात. त्यानं गंज सरळ केला, काठावर बोट फिरवलं आणि थांबला. 'यावर कानस फिरवेल हाय, काका,' तो म्हणाला. आता त्याला संशय आला. त्यानं चष्मा लावला आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात एकेक नाव वाचायला लागला. पहिलंच नाव आडनावासकट.

अक्काच्या हातात एक भगोणं होतं. ते तिनं सावकाश खाली ठेवलं. मी साडभाऊंकडे बघायची हिंमत केली नाही. दुकानदार चौथ्या-पाचव्या नावाशी पोचला होता, त्याला तिनं हातानं थांबवलं आणि पदर सावरत गंजापाशी आली. जन्मात पहिल्यांदा तिनं त्याला हात लावला. बोटानं ती दोन ओरखड्यांची जागा चाचपून बघितली.

'हे कोणं केलं?'

'म्या,' साडभाऊ म्हणाले. 'त्याले शब्द दिला होता. तुले कळू देणार नाही म्हणून.'

'मले ठाव होतं,' अक्का म्हणाली. 'दरसाली त्या दिवसानंतर बोट फोडून ये. म्हणे, कोयता लागला. तीस वर्षं तोच कोयता न् तेच बोट? मले का खेकड्याची नांगी समजत नाही?'

मग काऊन बोलली नाहीस, एवढंच साडभाऊंनी विचारलं.

'बोलली असती तं त्यानं खाणं सोडलं असतं. घरी एकटा, हातानं भाकर थापे, अर्धी कच्ची, अर्धी जळेल. वर्षातून एक दिवस माहा भाऊ पोटभर जेवते, एवढं मले पुरे होतं.' तिनं पदराचं टोक थोडं ओलं केलं आणि त्या नावावरची कल्हईवाल्याकडची काजळी पुसून काढली. मग दुकानदाराला म्हणाली, 'मोडीत द्याचा नाही. गोणपाटात बांधून द्या.'

'कुठं ठेवू मग?' साडभाऊंनी विचारलं. ते खरोखरच लहान पोरासारखे उभे होते.

'घरी. माळ माह्या गळ्यात हाय, घराच्या नाही.'

भगोणं घेतलंच नाही. एसटीत गंज या वेळी अक्काच्या शेजारच्या सीटवर बसला आणि आम्ही दोघं साडभाऊ उभे राहिलो. कंडक्टरनं तिकीट मागितलं नाही, याचं यांना मात्र थोडं वाईट वाटलं.

आता गंज सोनाळ्याच्या घरात ओसरीवर असतो. या वर्षीच्या उकडीला अक्का शेतात आली. धुराच्या उलट बाजूला, लांब आंब्याखाली, आपली भाकर-ठेचा घेऊन बसली. चार माणसांचे खेकडे गंजाच्या तळाशी होते, पाणी काठोकाठ होतं, आणि ती काही बोलली नाही. खोपडीतल्या रिकाम्या खुंटीकडे तेवढी दोनदा बघून आली.

साडभाऊंना हल्ली कमी दिसतं. दुकानं हिंडणं बंद झालंय, खिशातला वाळूकागदही गेला. पण मी गेलो, की अजून ओसरीवरून आत जाताना ते थांबतात, वाकतात, आणि गंजाच्या काठावर, पहिल्या नावाच्या जागी, बोटानं एक टिचकी मारतात. पितळ बराच वेळ वाजत राहतं. आणि ते वाजणं संपायच्या आत स्वयंपाकघरातून अक्काचा आवाज येतो, 'हाय, हाय. घरीच हाय तो.'