मी दोनदा केलेली क्षमा

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. क्षमेवर बोलायला कुणीही बोलवावं, मी तयार असायचो. एवढं सोडून काहीही बोलायचो.

काटेवाडीजवळ माझा ऊस आणि आमच्याच चर्चमधल्या एका भावाचा मका बांधाला बांध लागून होता. पाणी एकाच पाटानं, पाळीपाळीनं येई. एकदा माझ्या पाळीच्या दिवशी माझा ऊस कोरडा राहिला आणि त्याच्या मक्यात चिखल झाला. पाट त्यानंच फोडला, हे मी बांधावर उभ्या उभ्याच ठरवलं. त्याला विचारलं नाही. विचारलं तर भांडण होतं, आणि मी तर ख्रिस्ती माणूस.

रविवारी बारामतीला उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली तसा मी उठलो. "एका भावानं माझं पाणी चोरलं. मी त्याला मनापासून क्षमा केली आहे." नाव घेतलं नाही. फक्त त्याच्या बाकाकडे प्रेमानं पाहिलं. सगळी मंडळी तिकडं वळली. बायकांनी डोळे पुसले.

बाहेर चपला घालताना त्यानं मला गाठलं.

"तात्या, क्षमा केली ते बरं केलं. पन मी केलं काय?"

"आता ते माझ्यात आणि प्रभूत मिटलंय."

"मग मला कशाला मधी घेतलं?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लोकांनी तेही पाहिलं.

त्याच आठवड्यात पाट साफ करताना बांधाच्या पोटात भोक सापडलं, थेट मक्यात उघडणारं. फावडं घातलं तर नांग्या उगारत खेकडा बाहेर आला. पश्चात्तापाची खूण त्याच्यातही नव्हती. मी भोक बुजवलं आणि कुणी पाहत नाही ना, हे पाहिलं.

सांगणारच होतो. पण तेवढ्यात इंदापूरच्या मंडळीचं बोलावणं आलं: क्षमेवर बोला. खेकड्यावर बोलायला कोण बोलावतं? दर भाषणात चोरीचं पाणी वाढत गेलं. पुढंपुढं तर माझा सगळा ऊस वाळू लागला, जो खरं तर वेळेत कारखान्यावर गेला होता. मला चर्चचा पंच केलं.

त्या भावाच्या मुलीच्या लग्नाचा विषय परवानगीसाठी पंचांपुढं आला, तेव्हा एकजण म्हणाला, "बापानं चूक कुठं कबूल केलीय अजून?" मी गप्प बसलो. लोकांना ती नम्रता वाटली. पुढच्या रविवारी तो सगळ्यांदेखत उभा राहिला आणि त्यानं न केलेल्या चोरीची माफी मागितली. मी त्याला मिठी मारली. एकाच माणसाला दोनदा क्षमा करणारा म्हणून माझं नाव झालं.

वेदीपाशी आल्यावर आपण दुखावलेला भाऊ आठवला, तर अर्पण तिथंच ठेवून आधी त्याच्याकडे जावं, ही प्रभूची शिकवण. मी मात्र दर रविवारी अर्पणाची थैली फिरवत राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात तो इंदापूरला मुलीकडे अंथरुणाला खिळल्याचं कळलं. एसटीत एकच वाक्य घोकत गेलो. मुलगी चहा घेऊन आली, माझ्या पाया पडली. त्यानं मला जवळ बोलावलं.

"तात्या, आता तरी सांगा. मी केलं काय?"

मुलगी माझ्याकडे बघत होती.

"जाऊ दे आबा, झालं गेलं," मी म्हणालो, आणि डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली.

पुढच्याच आठवड्यात तो गेला. घोकलेलं वाक्य अजून माझ्यापाशीच आहे: "आबा, तू काही केलं नव्हतंस, पाट खेकड्यानं फोडला होता आणि मला ते माहीत होतं, मला क्षमा कर."